नेपाळच्या डोंगरात रोकड: लुक्ला, नामचे, जोमसोमच्या वर जाणाऱ्यांसाठी

एव्हरेस्ट बेस कॅम्पला किंवा अन्नपूर्णा परिसरात पहिल्यांदा जाणारा माणूस बुटांवर महिनाभर चर्चा करतो आणि पैशांचा विचार काठमांडूच्या विमानात बसल्यावर करतो. नेपाळ म्हणजे जवळजवळ घरच, आपले रुपये चालतात, आता यूपीआयसुद्धा चालतं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. काठमांडू आणि पोखरापुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण एव्हरेस्टच्या वाटेवरच्या नामचे गावाच्या वर आणि अन्नपूर्णाच्या आतल्या गावांत व्यवहार नोटांवर चालतो, त्याही नेपाळी नोटांवर. तिथे खिशात असेल तेवढंच तुमचं.

हा लेख स्वतःच्या जबाबदारीवर, लॉजमध्ये राहत-खात जाणाऱ्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या ट्रेक कंपनीबरोबर जात असाल तर राहणं-जेवण त्यांच्याकडे असतं आणि तुमचा वरखर्च बराच कमी होतो. तरीही पायरी १, ४ आणि ५ वाचाच, कारण गोंधळ तिथेच होतात.

निघण्याआधी गोळा करायच्या गोष्टी

- पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण १५ ते ६५ वयोगटातल्यांना विमानप्रवासासाठी या दोनपैकी एक लागतंच. आधार कार्ड या वयोगटाला चालत नाही. विमानतळावर यावरून परत पाठवलेली माणसं दर मोसमात दिसतात.
- दोन वेगळ्या बँकांची डेबिट कार्डं. एकाच बँकेची दोन असतील तर ते एकच कार्ड समजा.
- शंभराच्या भारतीय नोटा. किती, ते पुढे.
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो आणि ओळखपत्राच्या छायाप्रती.
- प्रवास विम्याचा कागद, छापलेला. उंचीची मर्यादा त्यावर स्पष्ट लिहिलेली हवी.
- झिपची प्लॅस्टिक पाकिटं, कमरेला बांधायचा पातळ पट्टा, चार-पाच साधी कागदी पाकिटं, एक पेन.

१. घर सोडण्याआधी बँकेची कामं

पहिली गोष्ट, फॉरेक्स कार्ड काढू नका. युरोप-थायलंडच्या सवयीने अनेकजण डॉलर भरलेलं कार्ड घेऊन येतात. भारतात दिलेली ही कार्डं भारत, नेपाळ आणि भूतानमध्ये चालत नाहीत. नेपाळच्या प्रवासासाठी भारतात परकीय चलन मिळतही नाही, कारण परकीय चलनाच्या कायद्यानुसार नेपाळ-भूतानच्या प्रवासाला ते देण्याची मनाई आहे. एजंट 'चालेल हो' म्हणाला तरी काउंटरवर जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या डेबिट कार्डाचा परदेशी वापर चालू करा. ऑक्टोबर २०२० पासून भारतात मिळणारी नवी कार्डं मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू असतात. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' नावाचा खटका असतो, त्यात एटीएमचा वेगळा आणि दुकानाचा वेगळा. दोन्ही चालू करा, दिवसाची मर्यादा वाढवा आणि पिन आठवतोय ना ते गल्लीतल्या एटीएमवर एकदा बघून घ्या. यूपीआयमुळे कित्येकांनी दोन-दोन वर्षं पिन दाबलेला नसतो.

तिसरी गोष्ट नोटांची. बँकेत जाऊन शंभराच्या नोटांची बंडलं मागा. एका बंडलात शंभर नोटा, म्हणजे दहा हजार रुपये. शाखेत एक-दोन दिवस आधी सांगून ठेवलं तर मिळतात, ऐनवेळी गेलात तर कॅशियर पाचशेचीच गड्डी पुढे सरकवतो.

शंभराचाच हट्ट का, ते समजून घ्या. नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. त्याआधी २०१६ च्या नोटबंदीत जुन्या पाचशे-हजारच्या नोटा तिथल्या लोकांकडे तशाच पडून राहिल्या होत्या. तो घाव दुकानदारांच्या मनातून गेलेला नाही. मोठ्या नोटांचे नियम अधूनमधून बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात नेपाळ राष्ट्र बँकेची ताजी सूचना बघा. भारताच्या बाजूने रिझर्व्ह बँक शंभरपेक्षा मोठ्या नोटा माणशी २५,००० रुपयांपर्यंतच नेऊ देते, शंभर आणि त्याखालच्या नोटांना तशी मर्यादा नाही. पण नियम काहीही असो, काठमांडूबाहेरचा दुकानदार पाचशेची भारतीय नोट हातात धरून विचारात पडतो आणि शंभराची मुकाट्याने गल्ल्यात टाकतो.

२. किती लागतील, ते माणसांवर नाही, रात्रींवर मोजा

हा भाग जरा सावकाश वाचा.

नेपाळी रुपयाचा भारतीय रुपयाशी दर १९९३ पासून ठरलेला आहे: १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. डॉलरसारखी रोजची चढउतार नाही. मनातल्या मनात हिशोब करायला सोपी रीत, आठाचे पाच. नेपाळी ८०० म्हणजे आपले ५००. मेनूकार्डवर ९६० दिसलं की आपले ६००.

खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टकडच्या भागाच्या, वाटेवर लॉजची खोली स्वस्त असते, कारण मालकाचा खरा धंदा स्वयंपाकघरात आहे. खोली घ्यायची आणि जेवण दुसरीकडे करायचं, हे तिथे चालत नाही आणि करूही नये. सगळं सामान भरिया (ओझी वाहणारे मजूर), याक किंवा हेलिकॉप्टरने वर जातं, त्यामुळे उंचीबरोबर भाव चढतो. नामचेत (३,४४० मीटर) जी डाळभाताची थाळी परवडणारी वाटते तिची किंमत गोरकशेपला (५,१६४ मीटर) डोळ्यांत भरते. मात्र डाळभात पुन्हा पुन्हा वाढतात, पिझ्झा वाढत नाहीत. पोटाला आणि पाकिटाला दोन्हीला तोच बरा.

लोक जेवणाचा हिशोब बरोबर करतात आणि बाकीच्या चिल्लर खर्चात फसतात. फोन चार्ज करायचे पैसे वेगळे. पॉवर बँकेचे त्याहून जास्त. गरम पाण्याच्या आंघोळीचे वेगळे, उकळलेलं पाणी बाटलीत भरून घ्यायचे वेगळे, वायफायचं एव्हरेस्ट लिंकचं कार्ड वेगळं. वरच्या गावांत कधीकधी टॉयलेट पेपरची गुंडाळीसुद्धा विकत घ्यायची वस्तू होते. दिवसाला हे सगळं मिळून जेवणाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या घरून आणल्या तर रोजचे काहीशे रुपये सहज वाचतात. आंघोळीबद्दल माझं मत विचाराल तर नामचेनंतर तिचा विचारच सोडा.

मी असा आराखडा धरतो, सगळे आकडे नेपाळी रुपयांत आणि एका माणसाचे:

- लॉज, तीन वेळचं खाणं, चहा आणि वरचे चिल्लर खर्च मिळून दिवसाला ४,५००. हात आखडला तर यापेक्षा कमी, कॉफी आणि केकच्या मागे लागलात तर बरंच जास्त.
- बारा दिवसांचे ५४,०००.
- परवाने आणि किरकोळ शुल्क, ५,०००.
- अडकून पडण्याचे तीन दिवस, १३,५००.

बेरीज ७२,५००, म्हणजे आपले साधारण ४५,३००. यात विमान, भरिया आणि गाइड धरलेले नाहीत. भरियाची मजुरी आणि बक्षीस वेगळं बाजूला ठेवायचं, ते पायरी ६ मध्ये. दरवर्षी भाव वाढतात, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा उचलू नका, रीत उचला.

अडकून पडण्याचे तीन दिवस हा शेवटचा आकडा बघून लोक नाक मुरडतात. एव्हरेस्टची पायवाट जिथून धरतात त्या लुक्लाचं विमान हवेवर चालतं. ढग उतरले की एक दिवस, दोन दिवस, कधी त्याहून जास्त काळ काहीच उडत नाही, आणि लुक्लातली लॉजं भरून वाहतात. मग एक तर थांबायचं, नाही तर सल्लेरीपर्यंत उतरून जीप पकडायची. दोन्हीला रोकड लागते. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं तेव्हा कर्फ्यू लागला आणि विमानतळही बंद ठेवावा लागला. अशा वेळी एटीएमपर्यंत पोचणं हेच काम होऊन बसतं. राखीव पैसे परत आले तर आनंदच आहे.

३. काठमांडूत पोचल्यावर पहिल्या दिवशीच पैसे जमवा

विमानतळावर टॅक्सी आणि सिमकार्डापुरतेच बदला. बाकीचं शहरात. ठमेल या पर्यटकांच्या वस्तीत पावलोपावली मनी चेंजर आहेत, पोखरात लेकसाइडला तसेच. भारतीय रुपयाचा दर ठरलेलाच असल्यामुळे घासाघीस दरावर नसते, कमिशनवर असते. शंभराला १६० पूर्ण देतो का, एवढंच विचारायचं. पावती घ्या आणि टाकू नका, परतताना उपयोगी पडते.

आता एटीएम. ठमेलच्या यंत्रांतून भारतीय कार्डावर नेपाळी नोटा निघतात. पण एका वेळी निघणाऱ्या रकमेला यंत्राची मर्यादा असते आणि दर वेळी स्थानिक बँक आपलं शुल्क कापते, बऱ्याच ठिकाणी ते ५०० नेपाळीच्या आसपास असतं. त्यावर तुमची बँक आपलं लावते ते वेगळंच. थोडे थोडे काढत बसलात तर नुसत्या शुल्कात एक जेवण जातं. यंत्र देईल तेवढी मोठी रक्कम एकदम काढा.

सत्तर-ऐंशी हजार नेपाळी एका दमात निघत नाहीत. तुमच्या कार्डाची दिवसाची मर्यादा आडवी येते, किंवा यंत्र रिकामं असतं. म्हणून संध्याकाळी विमानाने उतरून पहाटे लुक्लाला निघायचं, असा कार्यक्रम आखू नका. मध्ये एक पूर्ण दिवस ठेवा. तसाही मोसमात लुक्लाची उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून होतात आणि त्यासाठी मध्यरात्री जीपने निघावं लागतं. त्या वेळी कुठलं एटीएम शोधणार?

माझी शिफारस अर्धं-अर्धं अशी आहे. निम्मी रक्कम शंभराच्या भारतीय नोटांत घरून न्यायची आणि काठमांडूत बदलायची, निम्मी कार्डावर काढायची. कार्डाने दगा दिला तर निदान वर चढता येतं, आणि नोटांची पिशवी हरवली तर परत येण्यापुरते मिळतात.

दसरा-दिवाळीला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. आपल्याकडचे बहुतेक ट्रेकर याच सुट्ट्यांत जातात, हवाही तेव्हाच स्वच्छ असते. नेपाळमध्ये तोच काळ दशैं आणि तिहारचा, देशातला सर्वांत मोठा सण. बँका ओळीने अनेक दिवस बंद, अख्खं काठमांडू गावाकडे निघालेलं, आणि दक्षिणेसाठी सगळ्यांना रोकड हवी. त्या दिवसांत एटीएमवर 'पैसे नाहीत' अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसली तर नवल नको. एरवीसुद्धा तिथे शनिवारी सुट्टी असते आणि बँका बंद असतात, हे आपल्या रविवारच्या सवयीत विसरायला होतं.

४. 'आयसी की एनसी?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा

आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. चेहरा आणि बोली ऐकून दुकानदार तुम्हाला भाव आयसीत सांगतो की एनसीत, हे त्याच्या लहरीवर आहे. 'पाचशे' म्हणाला आणि तुम्ही न विचारता भारतीय पाचशे दिलेत, तर तुम्ही ८०० दिले. नेहमी काही फसवणूक असते असं नाही. सीमेजवळच्या गावांत आणि यात्रेकरूंच्या दुकानांत आयसीतच बोलायची पद्धत आहे. टॅक्सीवाला, घोडेवाला, शाल विकणारी दिदी, कुणीही असो, भाव ऐकला की 'आयसी की एनसी?' विचारायचं आणि मगच पाकीट काढायचं.

एकदा काठमांडूत पैसे बदलले की पुढे फक्त एनसीत बोला आणि एनसीतच द्या. दोन्ही नोटा एकाच पाकिटात ठेवू नका. भारतीय नोटा वरच्या लॉजमध्ये घेतील किंवा नाही घेणार, घेतल्या तरी हिशोब १६० ने होईलच असं नाही. दीडने लावून मोकळे होतात आणि तिथे दुसरा पर्याय नसतो.

नेपाळी नोटा वाचायला आपल्याला अडचण येत नाही, एका बाजूला सगळं देवनागरीतच आहे. घाईत मात्र मागच्या बाजूच्या प्राण्यांवरून ओळखणं सोपं. हजारावर हत्ती, पाचशेवर वाघ, शंभरावर गेंडा, पन्नासवर हिमबिबट्या. अंधाऱ्या जेवणघरात हेडलॅम्पच्या उजेडात पैसे मोजताना हत्ती आणि वाघ वेगळे ठेवा.

५. नोटांची फोड

रक्कम पुरते, नोटा चुकीच्या निघतात. ट्रेकवरची सर्वाधिक कटकट यामुळेच होते. चेंजर किंवा एटीएम तुम्हाला हजाराच्या नोटा देतं. नामचेत त्या खपतात. पण वर एखाद्या चहाच्या टपरीवर दीडशेचा चहा घेऊन हजार पुढे केले की समोरून उत्तर येतं, 'खुद्रा छैन', सुट्टे नाहीत. मग एक तर चहा उधार, नाही तर उरलेल्या पैशांची नको असलेली चॉकलेटं.

सत्तर हजारांची फोड मी अशी करतो: ४५,००० हजाराच्या नोटांत, १५,००० पाचशेच्या, आणि उरलेले १०,००० शंभर-पन्नासच्या. लॉजचं बिल सकाळी निघताना एकदम होतं, तिथे हजार-पाचशे चालतात. वाटेवरचा चहा, पाणी, चार्जिंग, गोंपातली (बौद्ध मठातली) दानपेटी यांना लहान नोटा. ठमेलच्या चेंजरला आधीच सांगितलं की तो कुरकुरत का होईना पाचशे-शंभराच्या गड्ड्या काढून देतो. लुक्ला आणि नामचेत मोठ्या बिलाला हजाराची नोट देऊन खुद्रा जमवत जा, वर गेल्यावर मिळत नाही.

फाटक्या, पेनाने लिहिलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटा काठमांडूतच परत करा. वरचे दुकानदार त्या घेत नाहीत. त्यांनाही त्या खाली बँकेत न्यायला कित्येक दिवसांची चाल आहे.

पैसे ठेवायचे कसे? मोठी रक्कम प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कमरेच्या पट्ट्यात, कपड्यांच्या आत. प्लॅस्टिक यासाठी की घामाने नोटांचा लगदा होतो. दुसरा हिस्सा सॅकच्या तळाशी, झोपायच्या पिशवीत गुंडाळून नाही, कारण ती तुम्ही रोज बाहेर काढता. आणि त्या दिवसापुरते तीन-चार हजार वरच्या खिशात. लॉजच्या जेवणघरात सगळ्यांसमोर पट्टा सोडून गड्डी मोजत बसणारे महाभाग असतात. चोऱ्या फार होतात असं नाही, तरी पैसे सकाळी खोलीतच मोजून बाहेर यावं. सॅक भरियाकडे दिलीत तर पैसे आणि ओळखपत्र स्वतःजवळच ठेवा, तो तुमच्या दोन तास पुढे असतो.

दोघं-तिघं मित्र असाल तर एकाकडे सगळी तिजोरी देऊ नका. उंचीच्या त्रासाने नेमका तोच खाली उतरला की बाकीचे कंगाल.

६. परवाने, भरिया, बक्षीस

सार्क देशांच्या नागरिकांना परवान्यात सवलत आहे. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना आपल्याला १,००० नेपाळी (इतर परदेशीयांना ३,०००), सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क १,५०० आणि त्यावर कर (इतरांना ३,०००). खुंबूत याशिवाय स्थानिक पालिकेचं शुल्क लुक्लात घेतात. सवलतीसाठी भारतीय असल्याचा पुरावा दाखवावा लागतो, तो हाताशी ठेवा. परवान्याचे पैसे नोटांत तयार असू द्या. अन्नपूर्णाचा परवाना काठमांडू किंवा पोखरात करून घ्या, वाटेवरच्या चौकीवर विनापरवाना सापडलात तर दुप्पट भरावे लागतात.

देशांतर्गत विमानाच्या तिकिटातही नेपाळी, भारतीय आणि इतर परदेशी असे वेगळे दर असतात. एजंटला आधीच 'भारतीय दर लावला का?' हे विचारा.

भरिया किंवा गाइड घेतलात तर रोजची मजुरी, त्यात त्याचं राहणं-खाणं धरलं आहे का, आणि आगाऊ किती द्यायचे, हे काठमांडूत कागदावर लिहून घ्या. अर्धी रक्कम आधी, अर्धी शेवटी, ही पद्धत दोघांनाही बरी पडते. त्याच्याकडेही वर एटीएम नसतं, त्यामुळे 'सगळे पैसे उतरल्यावर देतो' म्हणणं म्हणजे त्याला स्वतःच्या खिशातून जेवायला लावणं.

बक्षिसाचं पाकीट काठमांडूतच बंद करा. एकूण मजुरीच्या दहा-पंधरा टक्के धरून, वर नाव लिहून, सॅकच्या तळाशी टाकायचं आणि कितीही निकड आली तरी फोडायचं नाही. शेवटच्या रात्री लुक्लात सगळे खूश असतात आणि पाकिटं रिकामी असतात, मग वर्गणी काढायची वेळ येते. दहा दिवस तुमचं ओझं वाहिलेल्या माणसासमोर ते शोभत नाही.

७. यूपीआय, कार्ड, वायफाय: किती विसंबायचं?

मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर भारतीय यूपीआय नेपाळमध्ये चालतं. नाव आपल्या फोनपे ॲपसारखं वाटलं तरी ही तिथली वेगळी कंपनी आहे. काठमांडू-पोखरात हॉटेल आणि दुकानांत ही सोय चांगली आहे. त्यासाठी तुमच्या ॲपमध्ये 'यूपीआय इंटरनॅशनल' चालू करावं लागतं, ते घरीच करा. सगळ्या बँका यात नाहीत. शिवाय बँकेचे संदेश भारतीय सिमवर येतात, ते सिम रोमिंगसह फोनमध्ये असू द्या.

दुकानात क्यूआर टांगलेला दिसला म्हणजे तुमचं काम झालं, असं नाही. काही क्यूआर फक्त नेपाळी मोबाइल पाकिटांचे असतात, ईसेवा आणि खल्तीचे. शेजारचा नेपाळी मुलगा सहज स्कॅन करून जातो आणि तुमचा फोन नुसता गोल फिरत राहतो. खाऊन झाल्यावर नाही, बसण्याआधी विचारा.

लुक्ला आणि नामचेत एटीएम आहेत. चालतात तेव्हा चालतात. वीज गेली, नेटवर्क गेलं किंवा नोटा संपल्या की पुढचा भरणा कधी येईल ते हवामानावर. नामचेच्या वर एटीएम आहे असं धरूच नका. काही मोठ्या लॉजमध्ये कार्ड घासून वर टक्केवारी लावून पैसे घेतात, तो अगदी शेवटचा उपाय. अन्नपूर्णा बेस कॅम्पला (४,१३० मीटर) जाणाऱ्यांनी पोखरातच सगळं उरकावं. अन्नपूर्णा परिक्रमा करणाऱ्यांना बेसीसहरनंतर थोराँग ला ही खिंड (५,४१६ मीटर) ओलांडून जोमसोमला उतरेपर्यंत भरवशाचं यंत्र नाही, असं समजूनच निघावं.

आजारी पडल्यावरचा खर्च मात्र रोकडीने भागवायचा नसतोच. हेलिकॉप्टर तुमच्या खिशातल्या पैशांवर येत नाही, विमा कंपनीच्या हमीवर येतं. ५,३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला जायचं तर ६,००० मीटरपर्यंतच्या बचावाचा विमा घ्या, आणि गाइडने 'हेलिकॉप्टर मागवू का?' म्हटलं की आधी विमा कंपनीला स्वतः फोन करा. गरज नसताना हेलिकॉप्टर उडवून विम्याचे पैसे लाटण्याचे प्रकार २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्याच चौकशीत उघड झाले होते. काठमांडूतल्या रुग्णालयासाठी एक क्रेडिट कार्ड जवळ असावं, बस्स.

८. मुक्तिनाथला जाणाऱ्या काका-काकूंसाठी

हा मजकूर कुणीतरी आई-वडिलांसाठी छापून घेईल, म्हणून वेगळा लिहितो.

पोखरा ते जोमसोम विमानाने गेलात किंवा जीपने, मोठी रक्कम पोखरातच नेपाळी करून घ्या. कागबेनीला काली गंडकीच्या काठी श्राद्धविधी करायचा असेल तर दक्षिणा आधी ठरवा, आणि तीही आयसी की एनसी ते विचारून. राणीपौव्याहून देवळापर्यंतच्या चढाला घोडा मिळतो, त्याचा भाव जाऊन-येऊन की एका बाजूचा हे बसण्याआधी ठरवा. १०८ धारांखाली जाताना कमरेचा पट्टा आणि पैसे बाहेर थांबलेल्या आपल्या माणसाकडे द्या, धारांचं पाणी बर्फाचं असतं आणि भिजलेल्या नोटा दिवसभर वाळत नाहीत. शाळिग्राम विकणाऱ्यांकडे पहिला भाव कधीच शेवटचा नसतो. दानपेटी आणि घोडेवाले मिळून दिवसाला वीस-पंचवीस लहान नोटा सहज जातात, पन्नास आणि वीसच्या घेऊन ठेवा.

पासष्टी ओलांडलेल्यांना पासपोर्ट किंवा मतदारपत्राची सक्ती नाही, फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं. तरीही मतदारपत्र असेल तर तेच न्या, वाद कमी होतात.

९. परतताना

उरलेल्या नेपाळी नोटा काठमांडूतच मोडा. पुण्या-मुंबईत त्या बदलून देणारा शोधणं म्हणजे नसता उपद्व्याप. ठमेलच्या चेंजरकडे आदल्या दिवशी जा, कारण नेपाळी घेऊन भारतीय देताना त्याच्याकडे शंभराच्या नोटा असतीलच असं नाही, आणि या बाजूला तो कमिशनही थोडं जास्त कापतो. पहिल्या दिवशीची पावती दाखवली तर बोलणं लवकर संपतं. विमानतळावर सोडलंत तर काउंटर बंद असण्याची शक्यता धरा. रस्त्याने सोनौली किंवा रक्सौलकडून परतत असाल तर सीमेवरच्या दुकानांत दोन्ही चलनं चालतात, तिथे शेवटचा हिशोब मिटवा. हजार-दोन हजार एनसी उरलेच तर विमानतळाच्या वाटेवर इलाम चहा घ्या, पाकीट घेताना भाव एनसीत आहे ना एवढं बघा.